वरच्या मजल्यावरचा ओटा

टेपकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं हळूहळू संपत आली होती. ऑफिसात टेपकाका, गल्लीत टेपकाका, आणि मुलाचं लग्न झाल्यावर सुनेच्या माहेरचे लोकसुद्धा फोनवर विचारू लागले, "टेपकाका बरे आहेत ना?" नगरपालिकेच्या घरपट्टी खात्यात त्यांचा उभा जन्म गेला. लोकांच्या घरात शिरायचं, भिंतीला टेप लावायची, खोल्यांची लांबी-रुंदी टिपायची, आणि त्यावरून त्या घराचा कर ठरायचा. अशा माणसाला बघून कुणाच्या चेहऱ्यावर हसू फुटणार? ते दारात उभे राहिले की आतून हलक्या आवाजात ऐकू यायचं, "आली पीडा." टेपकाकांचे कान तिखट होते, पण ते चपला काढता काढता म्हणायचे, "पीडा पाणी पिऊन मोजायला लागेल."

माणूस नाकासमोर चालणारा. किती, ते सांगतो. ते नोकरीला लागले तेव्हा कापडी टेप असायची. ती भिजली की आखडायची, त्यामुळे पावसाळ्यात मोजलेली घरं कागदावर थोडी फुगायची. बाकीच्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं, पालिकेचा फायदाच होता. टेपकाकांना झोप येईना. त्यांनी स्वतःच्या पगारातून पोलादी टेप आणली आणि पावसात मोजलेली सगळी घरं ऊन पडल्यावर पुन्हा मोजली. साहेबांनी झापलं, घरमालकांनी आभार मानले नाहीत (हा माणूस दुसऱ्यांदा का आला, या धसक्यातच ते होते) आणि बायकोने विचारलं, "घरी पगार कधी आणणार?" त्यांचं टेपकाका हे नाव त्या वर्षी पडलं.

दुसरी खोड म्हणजे, समोरच्याला मिळण्यासारखी सवलत असेल तर ती सांगितल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही. "आजी, घर तुमच्या नावावर, राहताही तुम्हीच, मग सवलतीचा अर्ज का नाही टाकलात?" असं म्हणून ते स्वतःच अर्ज भरून घ्यायचे. साहेब चिडायचे. "तुम्ही पालिकेचे नोकर आहात की घरमालकांचे?" टेपकाका शांतपणे म्हणायचे, "साहेब, ज्याला जो दर लागतो तो लागला पाहिजे. कमी नको, जास्तही नको."

दराचं नाव काढलं की मात्र त्यांना चेव यायचा. चहाच्या टपरीवर कुणीतरी हटकून म्हणायचंच, "मनाला येईल तो दर लावतात लेकाचे." टेपकाका हातातला ग्लास खाली ठेवायचे. आजूबाजूचे लोक एकमेकांना डोळा मारायचे, म्हणजे आता चहा गार होणार.

"दर आकाशातून पडत नाही," ते सुरू करायचे. "पालिका आधी वर्षभराचा खर्च मांडते. पाणी, गटारं, रस्त्यावरचे दिवे, झाडलोट, दवाखाना. त्यातून जे दुसरीकडून येणार ते वजा करायचं. बाजारातल्या गाळ्यांचं भाडं आलं, सरकारी अनुदान आलं. उरलेला खर्च घरांच्या डोक्यावर. मग गावातल्या सगळ्या घरांची किंमत एकत्र करायची आणि त्या बेरजेने उरलेल्या खर्चाला भागायचं. येतो तो दर. तुमच्या घराची जी किंमत धरली असेल तिला त्या दराने गुणलं की तुमचा कर. झालं."

"आणि माझ्या घराची किंमत कोण ठरवतं?"

"मीच की. घर केवढं, बांधकाम कसलं, किती जुनं, कुठल्या रस्त्यावर, आणि आत कोण राहतंय."

"म्हणजे फिरून तुमच्याकडेच."

"अहो, सगळ्या गावाची किंमत वाढली तर तुम्हाला घाम का फुटतो? बेरीज वाढली की दर खाली येतो. तुमच्या एकट्याचीच वाढवली तर मात्र बोंब मारा. मीपण मारतो तुमच्याबरोबर."

यावर हशा व्हायचा, चहा नवा यायचा. टपरीवरचे लोक पालिकेवर विश्वास ठेवायचे की नाही कुणास ठाऊक, पण टेपकाकांनी सांगितलेला दर कुणी दुसरीकडे पडताळून बघत नसे. एवढी पत त्या माणसाने कमावली होती आणि तीही लोकांकडून पैसे काढण्याच्या खात्यात बसून.

त्यांच्या कामातली खरी गंमत होती एक घर की दोन घरं, हे ओळखण्यात. नियम सरळ होता. वेगळा दरवाजा आणि स्वयंपाकाचा वेगळा ओटा असला की ते वेगळं घर. मालक स्वतः राहतो त्या घराला सवलत मिळायची. त्याच आवारात दुसरं घर निघालं तर ते भाड्याने दिलंय असं समजून त्याला पूर्ण दर लागायचा. साहजिकच सगळं गाव आपलं एकच घर आहे अशी शपथ घ्यायला तयार. जे सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नसत, तेही मोजणीच्या दिवशी खांद्याला खांदा लावून सांगायचे, "आम्ही एकत्रच जेवतो हो."

एकदा एका वरच्या मजल्यावर त्यांना ओट्यावर चादर अंथरलेली दिसली आणि चादरीवर पुस्तकं रचलेली. "ही मुलाची अभ्यासाची जागा," घरमालक म्हणाला. टेपकाकांनी कौतुकाने मान डोलावली. तेवढ्यात घाईघाईत कपाटात कोंबलेल्या कुकरने आपली शेवटची शिट्टी दिली. "अभ्यास शिजला वाटतं," टेपकाका म्हणाले आणि कागदावर दोन घरं लिहिली.

तसं त्यांना ओटा बघायची गरजही पडत नसे. ते मीठ शोधायचे. ओटा झाकता येतो, दरवाजापुढे कपाट सरकवता येतं, पण मिठाची बरणी लपवायचं कुणाला सुचत नाही. घरात मीठ दोन ठिकाणी दिसलं की माणसं वेगळी जेवतात, हे त्यांनी नव्या पोरांना शिकवून ठेवलं होतं.

वेगळं जेवणारी माणसं त्यांनी आयुष्यभर जवळून बघितली. वर मुलाचा संसार आणि खाली एकटा म्हातारा किंवा म्हातारी, अशी घरं त्यांच्या वाट्याला फार यायची. असल्या घरात त्यांचं स्वागत कधी वाईट झालं नाही. एक आजी तर त्यांना सोडायलाच तयार नसायच्या. "ती मागची खोली पुन्हा एकदा मोजा हो, तुम्ही घाई केलीत." टेपकाका पुन्हा मोजायचे. मग म्हणायच्या, "आता चहा होईपर्यंत बसा." वरून आलेल्या डब्यातलं जेवण झाकून ठेवलेलं असायचं, दुपार उलटली तरी हात न लावलेलं. "एकटीला घास उतरत नाही," आजी सहज सांगायच्या, हवापाण्याचं सांगावं तसं. अशा घरातून निघाल्यावर टेपकाका पुढचं घर दुसऱ्या दिवसावर ढकलायचे.

मग त्यांची स्वतःची बायको गेली.

ती फार बोलकी होती. "लोकांच्या भिंतींची खडान्‌खडा माहिती, आणि आपल्या घरात डाळीचा डबा कुठे ते ठाऊक नाही," असं ती येता-जाता ऐकवायची आणि ते खरंही होतं. दुखणं लांबलं नाही. ती गेल्यावर घरात टेपकाका आणि कॉलेजात जाणारा मुलगा, असे दोन पुरुष उरले. दोघं ओट्याशी उभं राहून कढईतूनच खायचे. कधी मुलाला उशीर झाला की टेपकाका एकटेच उभे राहायचे, दोन घास खाऊन कढई झाकून ठेवायचे आणि रेडिओ मोठा करायचे. तेव्हा त्यांना आजींचं म्हणणं कळलं. घास खरोखरच उतरत नाही, हे त्यांनी कुणालाही बोलून दाखवलं नाही. बोलायचं तरी कुणाजवळ, ऐकणारी तर गेली होती.

मुलगा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत लागला, त्याचं लग्न झालं आणि सून घरात आली. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती, स्वभावाने मोकळी, हसली की दोन घरं पलीकडे ऐकू जायचं. पहिल्या रात्री तिने तिघांची ताटं मांडली. टेपकाका किती दिवसांनी खाली बसून जेवले. भाजीत मीठ जास्त पडलं होतं. त्यांनी दोनदा मागून घेतली.

वर्षभरात जागा अपुरी पडायला लागली, तेव्हा वर दोन खोल्या चढवायचं ठरलं. आत जिन्याला जागा नव्हती म्हणून तो बाहेरून काढला. गवंडी कामाच्या पहिल्याच आठवड्यात विचारायला आला, "वर ओटा कुठल्या भिंतीला घालू?"

मुलगा काही बोलायच्या आत टेपकाका म्हणाले, "ओटा नको."

मुलाने त्यांच्याकडे बघितलं.

"जिना बाहेरून आहे," ते म्हणाले. "वर ओटा घातलास तर दोन घरं धरतील. वरच्या घराला पूर्ण दर लागेल."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. किती लागेल, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मुलाने विचारलं नाही. घरपट्टीतलं बाबांना कळतं, विषय मिटला. गवंड्याने त्या भिंतीला खिडकी काढली. टेपकाका रात्री अंथरुणावर पडले तेव्हा त्यांना हायसं वाटलं, आणि थोडी लाजही वाटली. "माझ्याबरोबर जेवत जा" एवढंच तर म्हणायचं होतं. बायकोजवळ ते चटकन म्हणाले असते. मुलासमोर जीभ उचलली नाही, म्हणून आयुष्यभर हाताशी असलेलं हत्यार काढलं. ज्याला दराशिवाय दुसरी भाषा आली नाही, त्या माणसाने मायासुद्धा दराच्या भाषेतच बोलून दाखवली. दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झाली नसती.

पुढची वर्षं टेपकाकांची सुखाची गेली, हे मान्य करायलाच हवं. सकाळी वरून पावलं वाजायची, जिन्यावरून माणसं खाली यायची, ओट्याशी भांडी वाजायची. नात झाली. तीही खाली जेवायला शिकली, आणि न आवडणारी भाजी गुपचूप आजोबांच्या ताटात टाकायलाही खालीच शिकली. जेवताना मुलगा लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांच्या गोष्टी सांगायचा, सून लॅबमध्ये सुई बघून पळणाऱ्या धटिंगणांच्या नकला करायची. टेपकाका हसून हसून ठसका लागेपर्यंत जेवायचे. त्यांना वाटायचं, सगळ्यांनाच हे असं हवंय.

सुनेला हे केवढ्याला पडत होतं, ते त्यांना दिसलं नाही. लोकांच्या घरातली फट दिसणाऱ्या माणसाला आपल्या घरातली दिसली नाही, याचा मला राग येतो, पण कीवही येते. सकाळी डोळे चोळत चहा करून घ्यावा, इतकी साधी गोष्ट तिच्या नशिबात नव्हती. खाली सासरे बसलेले, म्हणून आधी कपडे बदलायचे, केस बांधायचे, मग जिना उतरायचा. लॅबमधून थकून आलं की आधी खाली. पाऊस असला की डोक्यावर टॉवेल धरून खाली. नातीला ताप आला की दुधासाठी खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. आणि टेपकाका निवृत्त झाल्यापासून ते दिवसभर त्याच खोलीत, रेडिओ मोठा करून. वाईट माणूस मुळीच नव्हता, पण सतत होता.

एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मुलगा उठला नाही. सून ताटं गोळा करता करता थांबली. टेपकाकांनी ते ओळखलं. घरमालक काहीतरी कबूल करणार असला की असाच घुटमळतो.

"बाबा, एक विचारायचं होतं," मुलगा म्हणाला. "वर छोटासा ओटा घालावा म्हणतोय. हिची फार ओढाताण होते."

"दोन घरं धरतील," टेपकाका म्हणाले.

"ते माहितीये हो. जे काही लागेल ते मी भरीन. तुमच्यावर भार नको. फक्त किती लागेल तेवढं सांगा, म्हणजे बजेट बसवता येईल."

"तुम्ही मात्र गुडघ्यांना त्रास देऊ नका," सून घाईने म्हणाली. "जिना चढायचा नाही तुम्ही. मी गरम गरम डबा खाली पाठवत जाईन. आणि रविवारी आम्ही येऊच की इथे."

डबा. टेपकाकांनी मान हलवली आणि पाणी प्यायला उठले. तहान नव्हती. गवंडी आला त्या दिवसापासून तो आकडा त्यांना तोंडपाठ होता. पालिकेने घरांच्या किमती नव्याने ठरवल्या की ते मनातल्या मनात तो पुन्हा काढून ठेवायचे, कुणी विचारलंच तर असावा म्हणून. आज विचारलं होतं. आकडा लहान होता. वरच्या खोल्या लहान, बांधकाम साधं, गल्ली आतली. पूर्ण दराने धरलं तरी वर्षाला एका बऱ्या चपलांच्या जोडीइतका.

त्यांनी एवढंच म्हटलं असतं तरी पुरे होतं, "भलताच येतो रे, तुझ्या आवाक्याबाहेरचा." मुलाने विश्वास ठेवला असता. सुनेने निमूटपणे ताटं उचलली असती. संध्याकाळी पुन्हा जिन्यावर पावलं वाजली असती, आज, उद्या आणि गुडघे आहेत तोवर. टेपकाका भांड्याला तोंड लावून उभे राहिले. पाणी संपलं होतं तरी भांडं खाली ठेवेनात. त्यांचं काळीज तुटत होतं, आणि ओठांवर जो आकडा येत होता तो खराच येत होता. खोटा आकडा काढायचा कसा, हे ते कधी शिकलेच नव्हते.

त्यांनी खरा आकडा सांगितला.

"महिन्याचे?" मुलाने विचारलं.

"वर्षाचे."

मुलाने सुनेकडे बघितलं, सुनेने मुलाकडे. त्या बघण्यात एवढी वर्षं होती. टेपकाकांनी मान खाली घातली. तेवढ्यावर थांबायला काय हरकत होती? पण जी खोड मेल्याशिवाय जात नाही, ती उसळून वर आली.

"तेवढेही लागणार नाहीत," ते म्हणाले. "वरचा मजला तुझ्या नावावर करू. मग तू तुझ्याच घरात राहतोस, म्हणजे तुलाही सवलत. फरक जवळजवळ काहीच उरणार नाही. अर्ज मी भरून देतो."

"बाबा, तुम्ही म्हणजे," मुलगा हसला. त्याचा जीव भांड्यात पडला होता. त्याने येऊन बापाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्या हाताने टेपकाकांना रडू कोसळेल असं झालं. ते तसेच ओट्याकडे तोंड करून उभे राहिले.

गवंडी आला, खिडकीखाली ओटा उभा राहिला. कागदपत्रं झाली. अर्ज टेपकाकांनी खरोखरच स्वतः भरले, ठसठशीत अक्षरात. मग पालिकेतून मोजणी करायला एक मुलगी आली. तिला हे काम टेपकाकांनीच शिकवलं होतं, त्यामुळे बिचारी संकोचली होती.

"काका, तुमच्या घरात मी काय मोजणार? तुम्हीच आकडे सांगा, मी लिहिते."

"असं चालत नाही. टेपचं एक टोक मी धरतो, तू पुढे हो."

त्यांनी टोक भिंतीला घट्ट दाबून धरलं. खालच्या खोल्या झाल्या. ती वर जाऊन मोजून आली. नवा ओटा बघून आली. पायरीवर बसून तिने सगळं लिहून काढलं आणि पेन थांबवून विचारलं, "काका, राहणारी माणसं लिहायचीत. वर तीन. खाली?"

"एक," टेपकाका म्हणाले.

तिने खाली मान घालून लिहिलं. चहाला थांबली नाही, अजून बरीच घरं व्हायची होती. टेपकाका तिला आणखी थोडा वेळ बसवून घेणार होते, मागची खोली एकदा पुन्हा मोज म्हणणार होते. ते शब्द त्यांनी गिळले.

त्या संध्याकाळी सून खालच्या स्वयंपाकघरातली भांडी वर न्यायला आली. टेपकाकांना लागतील तेवढी तिने निगुतीने मागे ठेवली. एक लहान कढई, एक पातेलं, चहाचं भांडं, दोन ताटं. मग थोडा विचार करून एक ताट उचललं, पुन्हा मनात काय आलं कुणास ठाऊक, ते परत ठेवलं. नात वर-खाली पळून चमचे पोचवत होती. टेपकाका खुर्चीत बसून हे सगळं बघत होते. रेडिओ त्यांनी लावला नव्हता.

सून शेवटचं मोठं पातेलं हातात घेऊन त्यांच्यासमोर थांबली.

"बाबा, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"बोल की."

"मला मनातून तुमचा फार राग यायचा. आता सांगायला हरकत नाही. पोर तापाने फणफणलेली असायची, तिला कडेवर घेऊन मी दुधासाठी हा जिना उतरायचे, तेव्हा वाटायचं, काय मेला असा मोठा कर असेल, ज्याच्यापायी हे आपल्याला एवढं पळवतात. आणि निघालं काय, तर काहीच नाही. तुम्हाला तर पहिल्यापासून ठाऊक असणार." तिच्या आवाजात राग उरला नव्हता, खरंच कळून घ्यायचं होतं. "मग का हो, बाबा?"

टेपकाकांनी तिच्याकडे बघितलं. सांगायचं ते फार मोठं नव्हतं. तुम्ही वर जेवला असतात तर मी कुणाबरोबर जेवलो असतो, एवढंच. ते अगदी ओठांवर आलं होतं. आणि त्यांना हेही कळत होतं की हे ऐकलं तर ही पोर हातातलं पातेलं इथेच ठेवेल. वरचा नवा ओटा कोरडा राहील आणि ही उद्यापासून पुन्हा जिना उतरेल, जन्मभर उतरेल, तोंडातून शब्द न काढता. दयेपोटी खाली येऊन जेवणारी माणसं त्यांनी लोकांच्या घरात बघितली होती. दोन्हीकडचा घास सारखाच कडू होतो.

"तेव्हा दर फार होता गं," टेपकाका म्हणाले. "आत्ता आत्ता उतरलाय."

त्या सगळ्या वर्षांत पालिकेचा दर एकदाही उतरला नव्हता. टपरीवरच्या पोऱ्यालासुद्धा हे ठाऊक होतं. पण सुनेने तो कधी कुणाला विचारला नव्हता. घरात टेपकाका असताना विचारायचा तरी कशाला?

"असं होय," ती म्हणाली. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "बघा, आणि मी उगाच मनात काय काय धरून बसले होते." मग तिने पातेलं कडेवर नीट घेतलं, पायाने दार ओढून घेतलं आणि ती वर गेली.